बडीशेपेच्या डबीतल्या गोळ्या

माझ्या धाकट्या बहिणीला फिट येते. आज हे वाक्य मी असं सरळ लिहिते आहे, पण सात वर्षं ते आमच्या घराबाहेर गेलं नव्हतं. घरातसुद्धा आम्ही त्याला 'तो त्रास' म्हणायचो. शेजारी, तिचं ऑफिस, माझ्या सासरची माणसं, कुणालाच पत्ता नव्हता. तो लागू नये म्हणून मी जेवढं डोकं चालवलं तेवढं नोकरीत चालवलं असतं, तर एव्हाना शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क झाले असते.

ती एकोणीस वर्षांची असताना हे पहिल्यांदा झालं. वडील आधीच गेले होते, आई आदल्या वर्षी गेली आणि ही माझ्याकडे राहायला आली. एका सकाळी स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज झाला म्हणून मी धावले, तर ती फरशीवर आणि दूध सगळीकडे. त्या दिवसापासून तिच्या गोळ्या माझ्या ताब्यात आहेत. सकाळी नाश्त्यानंतर एक, रात्री जेवणानंतर एक. ती सव्वीस वर्षांची झाली, स्वतः कमवायला लागली, तरी गोळी माझ्याच हातून घ्यायची. ती चिडायची. "ताई, मी काय बाळ आहे का?" म्हणायची. मी म्हणायचे, "चुकली तर?" या दोन शब्दांपुढे तिचं काही चालायचं नाही.

गेली तीन वर्षं तिला काही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवायला हरकत नाही, फक्त एकटीनं नको. जागरण नको, उपास नको, आणि गोळी चुकवायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून सांगितलं.

आमच्या कॉलनीतल्या बायकांचा सायकलचा ग्रुप आहे. रोज पहाटे विद्यापीठाच्या बाजूला जाऊन येतो, येताना चहा पितो आणि चालवल्यापेक्षा जास्त बोलतो. ग्रुपची सूत्रं एका निवृत्त शिक्षिकेकडे. त्यांना आम्ही सगळ्या बाई म्हणतो, कारण त्या अजूनही आम्हाला रांगेत उभं करतात. दिवाळीच्या सुट्टीत होस्टेलं रिकामी असतात, तेव्हा तीन दिवसांची सायकल सहल काढायची, हे बाईंच्या डोक्यातून निघालं. नोकरीभर ओळखी जमवलेल्या. पहिला मुक्काम फुलंब्रीच्या पुढच्या एका गावात शाळेच्या मुलींच्या होस्टेलवर, दुसरा कन्नडला कॉलेजच्या होस्टेलवर, आणि तिसऱ्या दिवशी वेरूळवरून घरी. आम्ही सहा जणी निघालो. बाई, बँकेत काम करणाऱ्या दोघी, मी, माझी बहीण आणि आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू.

काकूंचं नीट सांगायला हवं. त्यांचा भाचा पुण्याला नोकरीला होता. त्याच्यासाठी काकूंनी माझ्या बहिणीचा फोटो आणि माहितीचा कागद दिवाळीआधीच मागून नेला होता. त्या कागदावर उंची होती, शिक्षण होतं, पगार होता. बाकी जे होतं ते मी लिहिलं नव्हतं. बहीण म्हणाली होती, "आधी सांगून टाकू." मी म्हणाले, "आधी पसंत तर पडू दे." मुलगा चांगला होता, निर्व्यसनी होता, आणि मला तिची फार काळजी होती. त्या काळजीत मला आपण काही चुकीचं करतोय असं वाटलं नाही.

आता काकू तीन दिवस चोवीस तास आमच्याबरोबर असणार, एका खोलीत झोपणार. मग गोळ्यांची पाकिटं बॅगेत कशी ठेवायची? वरचं नाव कुणी वाचलं आणि मोबाइलवर शोधलं की संपलं. म्हणून मी सगळ्या गोळ्या पाकिटातून फोडून बडीशेपेच्या रिकाम्या डबीत भरल्या. जेवण झालं की बहीण हात पुढे करणार, "ताई, बडीशेप," आणि मी डबीतून काढून तिच्या तळहातावर ठेवणार. बघणाऱ्याला वाटावं, दोघी बहिणींची सवय आहे. निघायच्या आदल्या दिवशी मी हे स्वयंपाकघरात दोनदा करून बघितलं. बहीण हसली, पण मनापासून नाही.

पहिला दिवस बरा गेला म्हणायचा. मी तिच्या मागे दोन सायकलींचं अंतर ठेवून चालले होते आणि दिवसभर तिच्या मानेकडे बघत होते. त्रास होण्याआधी तिची एक खूण असते. ती ओठावरून बोटं फिरवायला लागते, काहीतरी पुसल्यासारखी. रस्ताभर मी तिचे हात बघत होते. आजूबाजूला कापसाची वेचणी चालली होती म्हणे, बाईंनी फोटो काढले. मी त्यातलं काही बघितलं नाही.

होस्टेलवर खाटांवर खडूनं नंबर घातलेले होते आणि भिंतीवर पाढे. तिथल्या स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी पिठलं-भाकरी केली. जेवण झालं, बहिणीनं हात पुढे केला, मी गोळी दिली. एवढ्यात काकू म्हणाल्या, "मलाही दे गं थोडी बडीशेप, पिठलं जड होतं मला."

मी डबी मुठीत धरली आणि म्हणाले, "संपली काकू. शेवटची हिला दिली."

"अगं, आवाज तर येतोय डबीतून," काकू म्हणाल्या.

मी काहीतरी पुटपुटले आणि तोंड धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले. परत आले, पण डबी सॅकमध्ये ठेवायचा धीर होईना. सॅक उघडी, काकूंची खाट शेजारी, आणि काकूंना दुसऱ्याच्या पिशवीत हात घालायला काही वाटत नाही. म्हणून खिडकीच्या वरच्या फळीवर मुलींच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा होता, त्यामागे मी डबी सरकवून दिली. तिथं कुणाचा हात जाणार नव्हता. सकाळी माझाही गेला नाही.

बाईंची घाई म्हणजे घाई. साडेसहाला शिट्टी वाजली. मावशींना भाऊबीजेसाठी माहेरी जायचं राहिलं होतं, त्या कुलूप हातात घेऊनच दारात उभ्या होत्या. नाश्ता वाटेतच करायचा ठरला होता. नऊच्या सुमाराला एका फाट्यावर आम्ही थांबलो, पोहे खाल्ले. बहिणीनं हात पुढे केला. "ताई, बडीशेप." मी सॅकच्या पुढच्या कप्प्यात हात घातला, मग मागच्या, मग आत, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो वह्यांचा गठ्ठा आला.

अशा वेळी माणसाचं रक्त गोठतं म्हणतात, माझं तसं काही झालं नाही. उलट कानशिलं गरम झाली आणि घाम फुटला. काकू समोरच चहा पीत होत्या आणि आमच्याकडेच बघत होत्या. बहिणीचा हात तसाच पुढे होता. माझ्या पर्समध्ये माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. पांढऱ्या, लांबट, तिच्या गोळीपेक्षा जराशा जाड. मी त्यातली एक काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं बघितलंसुद्धा नाही. पाणी पिऊन गिळून टाकली.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की आता सांगितलं तर ती घाबरेल, आणि घाबरल्यानंच त्रास होईल. वाटेत एखादं मेडिकल लागेल, गोळी घेऊ, आणि मग हळूच देऊ. पाठीमागे फिरायचं तर होस्टेलला कुलूप, मावशी माहेरी, आणि बाईंना कारण काय सांगायचं. हे सगळे विचार मी पुन्हा सायकलवर बसेपर्यंत करून टाकले. भीती वाटली की माझं डोकं फार पटापट चालतं, आणि नेमकं नको तिकडे चालतं.

पुढच्या गावात रस्त्याच्या एका बाजूला मैलभर मका वाळत घातला होता. निम्मा रस्ता पिवळा. दाण्यांवर चाक गेलं की सायकल घसरते, म्हणून सगळ्या उतरून चालायला लागल्या. मी म्हणाले, मला बाम घ्यायचा आहे, आणि मेडिकलमध्ये शिरले. गोळीचं नाव मी हळू आवाजात सांगितलं.

दुकानदार म्हातारा होता आणि त्याला कमी ऐकू येत असावं, कारण तो मोठ्यानं बोलायचा. "ती फिटची का? ती इथं नाय ठिवत ताई. कोन घेतंय इथं. कन्नडला मिळंल तुमाला. चिठ्ठी हाय का डाक्टरची?"

मी मागे वळून बघितलं. काकू सायकल धरून दुकानाच्या पायरीशीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही मला कळेना. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मिळाला का बाम?" मी म्हणाले, "नाही मिळाला." इतक्या साध्या प्रश्नाला मी आयुष्यात कधी इतकी घाबरले नव्हते.

तिथून कन्नडपर्यंतचा रस्ता मला आजही किलोमीटर-किलोमीटरनं आठवतो. बँकेतल्या एकीची सायकल पंक्चर झाली. दुपारी एका शेतातल्या बाभळीखाली डबे उघडले, बाईंनी सगळ्यांना अर्धा तास आडवं व्हायला लावलं. बहीण झोपली नाही. काल रात्री तिघी-चौघी बोलत बसल्या होत्या, तीही बसली होती, आणि मी तिला झोप म्हणून ओरडूही शकले नव्हते, कारण सगळ्यांनी विचारलं असतं, का. आता तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. मी तिला विचारलं, "बरं वाटतंय ना?" ती म्हणाली, "तू सकाळपासून चौथ्यांदा विचारतेयस." मग मी विचारणं बंद केलं आणि नुसती बघत राहिले.

तीनच्या पुढे तिनं ओठावरून बोटं फिरवली.

एकदाच. मक्याची धूळ असेल. सगळ्यांच्याच तोंडावर धूळ होती, बाईसुद्धा पदरानं तोंड पुसत होत्या. थोड्या वेळानं तिनं पुन्हा तसंच केलं. मी सायकल तिच्या बरोबरीला घेतली, तशी मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला, आणि मला पुन्हा मागे व्हावं लागलं. तो ट्रॅक्टर तिच्या अगदी जवळून गेला. तिचं हँडल जरासं हललं. मी देवाचं नाव घेत नव्हते, काहीच घेत नव्हते. 'आत्ता नको, आत्ता नको,' एवढंच चालू होतं माझं.

चारच्या सुमाराला एक लांब उतार लागला. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला दरी म्हणावी इतकं काही नाही, पण पडलं तर हाडं गोळा करावी लागतील इतकं खोल. उताराबाबत बाईंचा नियम आहे. एका वेळी एकच. मागच्या वर्षी दोघी एकमेकींवर आदळल्या होत्या, तेव्हापासूनचा. पहिली खाली जाऊन शिट्टी वाजवते, मग दुसरी सुटते. मध्ये कुणी नाही, मागे कुणी नाही. म्हणजे मी तिच्या मागे असणार नव्हते.

बँकेतल्या दोघी गेल्या. एकेक शिट्टी आली. बाई बहिणीला म्हणाल्या, "आता तू. ब्रेक दाबून धरू नको, सोडत-सोडत जा."

बहिणीनं हेल्मेटचा पट्टा ओढला, पॅडलवर पाय ठेवला, आणि डाव्या हाताची बोटं ओठावरून फिरवली. मी माझी सायकल रस्त्यावर टाकून दिली आणि तिचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं.

"तिला सोडू नका," मी म्हणाले. "हिला फिट येते. सकाळपासून गोळी नाही पोटात."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. काकूही. खाली वळणावर बँकेतल्या दोघींपैकी एक हात हलवत होती, पुढची का येत नाही म्हणून. बहीण सायकलवरून उतरली. तिनं काकूंकडे बघितलं नाही, बाईंकडे बघितलं नाही. आपल्या उजव्या तळहाताकडे बघितलं.

"मग सकाळी काय दिलंस मला?"

"कॅल्शियम."

बाईंनी एक क्षण वाया घालवला नाही, तो त्यांचा स्वभाव. कापूस भरलेला एक पिकअप मागून येत होता, त्याला त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून थांबवलं. आमच्या तिघींच्या सायकली दोरीनं फाळक्याला बांधल्या. ड्रायव्हर म्हणाला, "बसा कापसावर. घाण नाय व्हत काई, मऊच हाय." बहीण, मी आणि काकू वर चढलो. काकू का चढल्या हे मी विचारलं नाही.

पिकअप उतार संपवून सपाटीला लागला असेल नसेल. बहीण म्हणाली, "ताई, वास येतोय जळका." मी तिला खांद्याला धरून कुशीवर केलं, आणि झालं. मी ते वर्णन करणार नाही. ते मी पूर्वी बघितलं होतं आणि तरी प्रत्येक वेळी वाटतं की या वेळी ती परत येणार नाही. कापूस होता म्हणून तिचं डोकं आपटलं नाही. मी मनात सेकंद मोजत होते आणि ते चुकत होते. काकू किंचाळल्या, ड्रायव्हरनं गाडी थांबवली, वर चढला आणि पायातली चप्पल काढली. "हुंगवा ताई, लगीच शुद्धीवर येतंय मानूस."

"नको दादा. काही नको. नुसतं राहू द्या."

मी मान वर केली तेव्हा काकू पिकअपच्या पार कोपऱ्यात गेल्या होत्या. पाय पोटाशी घेतलेले, तोंडावर ओढणी. माझ्या बहिणीकडे त्या ज्या नजरेनं बघत होत्या, त्या नजरेपासून तिला वाचवायला मी सात वर्षं खपले होते. तिथं वाचवायला काहीच उरलं नव्हतं.

कन्नडला डॉक्टरांनी तिला तपासलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि ते मला रागावले. होस्टेलवर आलो तेव्हा सहा वाजून गेले होते. ती खाटेवर पडून होती, जीभ कडेला चावली गेली होती, त्यामुळे बोलताना शब्द जड येत होते. तिचे कपडे खराब झाले होते. मी तिच्याजवळ बसले होते, तोवर काकूंनी ते नेऊन मागच्या नळावर धुतले आणि वाळत टाकले. मी बघितलं, तर त्या दोरीवरच्या सलवारीच्या सुरकुत्या झटकून काढत होत्या. भाच्याचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही, आजपर्यंत नाही. पण कपडे त्यांनी धुतले, आणि मी सांगितलं नसताना धुतले, हेही लिहायलाच हवं.

बाकीच्या जेवायला गेल्या. मी मेडिकलमधून आणलेलं पाकीट उघडून एक गोळी काढायला लागले. बहिणीनं माझ्या हातातून पाकीट घेतलं, त्यावरचं नाव वाचलं, तारीख वाचली, गोळी स्वतः काढली, स्वतः घेतली. उरलेलं पाकीट तिनं आपल्या उशीखाली ठेवलं.

"तुला कळलं कधी?" तिनं विचारलं.

"पोह्यांच्या वेळी."

"नऊला." ती छताकडे बघत होती. "आणि सांगितलंस चारला."

"मला वाटलं, तू घाबरशील."

"मी नाही घाबरत ताई. मला ते झाल्यावरच कळतं. घाबरतेस तू."

मी तिच्या पायावर चादर ओढली. तिनं पाय हलवला नाही, पण माझ्या हाताकडे लक्षही दिलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "एक विचारू? मी त्या उतारावर पडले असते, तर तू काकूंना काय सांगितलं असतंस?"

"काय सांगणार," मी म्हणाले, "खरं तेच."

ती मान वळवून माझ्याकडे बघायला लागली आणि मला खिडकीकडे बघावं लागलं. कारण उत्तर माझ्याकडे तयार होतं. त्या म्हाताऱ्याच्या मेडिकलमधून निघाल्यावर मका टाळत चालताना मी ते मनात जुळवलं होतं, शब्दनशब्द, आवाज कसा लावायचा तेसुद्धा ठरवलं होतं. 'ऊन लागलं हो तिला. सवय नाही ना.' ती उठलीच नसती, तरी मी तेच सांगितलं असतं.